आईला सांगितलेलं नाव

दोन हजार तीन साली आईच्या चष्म्याचा नंबर काढायला मी तिला वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं, आणि जिन्यातच एका माणसानं आम्हाला अडवलं.

"आजी, डोळ्याच्या आतला फोटो काढू द्याल का?"

"काऊन? तोंडाचा चांगला येत नाई का?" आई म्हणाली.

तो हसला... आणि मी उगाचच पदर सारखा केला.

तो रत्नदीप. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचा. म्हातारपणी स्मृती जाते, त्याची खूण डोळ्यात आधीच दिसते का, हे डॉक्टर जागृती शोधत होत्या. उत्तर मिळायला वर्षं लागतील, असं त्या म्हणायच्या. आई तेव्हा भाजीत दोनदा मीठ घालू लागली होती. मी हो म्हटलं आणि रत्नदीपनं पुढे केलेल्या कागदावर सही केली — सुलोचना.

मग दर काही महिन्यांनी आमच्या पिपरी मेघे गावाहून दवाखान्यात फेरी. तो आईच्या डोळ्यांत थेंब घालायचा, तिला अंधाऱ्या खोलीत न्यायचा. मी बाहेर बाकावर. आतून दोघांचं हसणं ऐकू यायचं. मी चाळिशीची, बिनलग्नाची शाळेतली बाई — चक्क आईचा हेवा करत बसायची.

एकदा बाहेर येऊन आई म्हणाली, "त्याचं लगन नाई झालं. पन एक पोरगी मनात हाय म्हने. नाव बी सांगतलं मले."

"कोणतं नाव?"

आईनं कपाळ चोळलं. "आत्ताच त सांगतलं, बापा..."

दारातून आत पाहिलं. डॉक्टर जागृती त्याच्या खांद्यावरून वाकून फोटो बघत होत्या. लांब वेणी, कोवळं वय. तो काहीतरी बोलला, त्या हसल्या. मी आईला ओढतच बाहेर नेलं.

ऑटोत मी आईला पुन्हा पुन्हा विचारलं. जागृती का? "असंन," आई म्हणाली. सकाळी विचारलं, तर — "कोनाचं नाव?" आईवर चिडले आणि मग घाबरले. तिचं काय हरवत चाललंय, हे त्या रागात मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या फेरीला थेंब घातलेली आई डोळे मिटून बाकावर बसली होती. मी त्याला म्हटलं, "पेढे कधी देताय? डॉक्टरीणबाईंचे?"

"त्यायचं लगन त मागच्याच वर्षी झालं. नागपूरले."

"मग आईला कोणाचं नाव सांगितलंत?"

"आजी काय म्हनल्या?"

"विसरली."

"दरवेळी विसरतात." त्याचे कान लाल झाले. "म्हनून त त्यायलेच सांगतो, बाई. तेवढाच सराव होते."

"मग आता मला सांगा की."

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारा माणूस... माझ्याकडे बघेना. हळूच म्हणाला, "सुलोचना."

आईनं डोळे उघडले. "हेच! हेच नाव सांगतलं होतं यानं." मग त्याच्याकडे वळून तिनं काळजीनं विचारलं, "चांगल्या घरची हाय का पोरगी?"

रत्नदीप तिच्यासमोर उकिडवा बसला. तिचा हात हातात घेतला.

"हव आजी," तो म्हणाला. "तुमच्याच घरची हाय."