कडेवरची मुलं वर धरा

"कॅसेटी ऐक, हव्या तितक्या ऐक. पण आतून कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस," खोकं माझ्या हातात देताना मर्डेलकाकी म्हणाल्या होत्या. मी 'बरं' म्हटलं आणि बाळाच्या तोंडातून चिकटपट्टीचा तुकडा काढला. त्या दिवसांत मला पंधरा जण पंधरा गोष्टी सांगत होते. बाळाच्या कपाळाला निळीचा ठिपका लाव, टाळूवर वारा लागू देऊ नकोस. त्यातलीच ही एक.

काकी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या काकांची बायको. किंग्स्टनच्या रोलिंग्टन टाउनमध्ये आमची दोन्ही घरं एकाच अंगणात, मध्ये आंब्याचं झाड. क्लिफ्टनकाका जाऊन दोन वर्षं झाली. रेगेचा जाहीर कार्यक्रम कुठेही असो, काका आपलं मशीन घेऊन आवाजवाल्यांच्या टेबलापाशी उभे राहायचे आणि अख्खा कार्यक्रम टेप करायचे.

"उभ्या जन्मात टाळी वाजवली नाही त्या माणसानं," काकी म्हणाल्या. "सगळं मैदान नाचतंय आणि हा खांबासारखा उभा. हूं नाही की चूं नाही."

"माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून, काकी."

"तू कॉलेजात शिकलीस. तसंच असेल मग."

माझा नवरा डमानी तेव्हा कॅनडात सफरचंदं तोडायला गेला होता. काकांच्या कॅसेटी कंप्युटरवर उतरवून पाठव, असा त्याने लकडा लावला होता. मी घरात एकटी आणि आठ महिन्यांची एरिएला. तिला आम्ही पुटस म्हणायचो. इथे लाडक्या पोरीला कुणीही पुटसच म्हणतं. पुटस झोपायची नाही. दिवसा नाही, रात्री नाही. चुकून डोळा लागलाच तर मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची, बोटाला श्वास लागतोय ना बघत. मग ती जागी व्हायची. मक्याची पेज ढवळता ढवळता मी उभ्याने पेंगायची, आणि करपल्याच्या वासाने भानावर यायची.

कॅसेट लावली आणि ती गप्प झाली.

काकांचा स्पीकर कपाटाएवढा होता. बेसचा ठोका पडला की फरशी पायाखाली हलकेच हुंकारायची. पुटस चटईवर पालथी पडून त्या काळ्या जाळीकडे एकटक बघत राहायची. मला तेवढंच हवं होतं. मग रोज दुपारी जेवणानंतर तीच एक कॅसेट: अ‍ॅनोटो बेच्या मैदानातला कार्यक्रम, माझ्या जन्माच्याही आधीचा, गायक ब्रदर एनॉस. जनरेटरची घरघर, मागे समुद्र, भाजलेलं मक्याचं कणीस विकणारी एक बाई. गाणं लोकांना फार आवडलं की ते पातेल्यांची झाकणं बडवतात, 'मागे घे! मागे घे!' म्हणून ओरडतात आणि वाद्यवृंद थांबून तेच गाणं पहिल्यापासून सुरू करतो. तिसऱ्या गाण्याला तसं झालं. एकदा.

पहिल्याच दिवशी ते सगळं कंप्युटरवर उतरवून मी डमानीला पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी तिसरं गाणं दोनदा मागे घेतलं गेलं. मी कपडे घड्या करत होते. वाटलं, मध्ये डुलकी लागली असेल. पुढे एकदा ते तीनदा थांबलं. डुलकी, दुसरं काय. डोळ्याला डोळा न लागलेल्या बाईने आपल्या कानांवर किती विश्वास ठेवायचा?

त्या गाण्यानंतर एनॉस लोकांशी बोलतो. "आयांनो, कडेवरची मुलं वर धरा! बघू दे मला, कोण कोण आलंय." आरडाओरडा होतो. "ती लाल टोपीवाली बघा! आणि हा कोण? ह्याचा चेहरा तर कर्जवसुलीला आल्यासारखा!" लोक हसतात. हे मला पाठ झालं होतं. इथे तो पुढचं गाणं सुरू करायचा.

त्या दुपारी केलं नाही.

"आणि पुटस?" तो म्हणाला. "पुटस आली का?"

मला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं. म्हटलं, मैदानात डझनभर पुटस असतील. मी माझीला उचललं, स्पीकरसमोर दोन्ही हातांनी उंच धरलं आणि ओरडले, "आली, आली! ही बघ!"

मैदान उसळलं. झाकणं वाजली. पुटस पाय झाडत खिदळली, इतकी की तिला उचकी लागली.

मग ती झोपली. मीही झोपले. जागी झाले तेव्हा उन्हं आंब्याच्या शेंड्यावर गेली होती, आणि काकी दारात उभ्या होत्या.

"काय पाजलंस गं पोरीला?"

"काही नाही. आपोआप झोपली."

काकींनी चालू स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बटण बंद करून त्या गेल्या.

त्या दिवसापासून पुटस रडली नाही. भूक लागली तरी नाही. दवाखान्यात सुई टोचली तेव्हा नर्स म्हणाली, "अशी बाळं नशिबानं मिळतात हो." वजन ठीक, कान ठीक, डोळे ठीक. मी झोपू लागले. अंगात जीव आला. खरं सांगायचं तर ती का रडत नाही, हे काही दिवस मी स्वतःला विचारलंच नाही.

रविवारी डमानीचा फोन आला. "कॅसेट मस्त आलीये गं! आणि पुटस काय खिदळतेय त्यात! इथे सगळे हसतायत. एकाने तर ती इंटरनेटवरही टाकली."

"कुठे खिदळतेय?"

"तो मुलं वर धरायला सांगतो ना, तिथे. उचकी लागते बघ तिला. तू माइक चालू ठेवला असशील."

"माइक लावलाच नव्हता. मशीनमधून थेट तार आहे. आणि तुला पाठवलं ते पहिल्या दिवशी, डमानी. ती खिदळली नंतर."

"तू झोपतेस ना नीट?"

"हो," मी म्हटलं. "हल्ली झोपते."

मी काकींना बोलावून आणलं. पुटसला मांडीवर घेऊन कॅसेट लावली. तिसरं गाणं. झाकणं. मुलं वर धरा. मग गर्दीतून तेच खिदळणं, तीच उचकी. मांडीवरची पुटस हलली नाही.

"काकी, ओ दिली तर काय होतं?"

"मला काय ठाऊक? मी कधी दिली नाही."

"मी ही कॅसेट पुसून टाकते."

"हात लावू नकोस!" काकींनी माझं मनगट पकडलं. "आत काय काय आहे आता, माहीत आहे का तुला?"

आम्ही पुढे ऐकत राहिलो. कॅसेट शेवटपर्यंत मी कधी ऐकलीच नव्हती, उतरवतानाही नाही.

शेवटचं गाणं संपलं. एनॉसने देवाचं नाव घेतलं. लोक पांगले, खुर्च्या खडखडल्या.

जनरेटर बंद झाला. समुद्र ऐकू येऊ लागला.

आणि ती रडू लागली.

भुकेचं रडणं. मी झोपेतही ओळखते ते.

कणीसवाली बाई जवळून म्हणाली, "अगं बाई, कुणाची ही?"

"माझी!" मी ओरडले. "माझी आहे! इथे आहे मी!"

कुणी ओ दिली नाही. खट् करून टेप संपली.

त्यानंतर मी रोज ऐकते. काकांची टेप त्या प्रश्नावरच संपते, पुढे एक क्षणही नाही. माझ्या कंप्युटरवरचीही तिथेच तुटते. पुटस आता माझ्या मांडीवर आहे. डोळे मिटलेत, नाकाखाली बोट धरलं तर बोटाला श्वास लागतो. तिच्या केसांना तुडवलेल्या गवताचा आणि डिझेलचा वास येतो, कितीही धुतले तरी.

इंटरनेटवरून ती कॅसेट पुष्कळांकडे गेली आहे. तुमच्याकडेही आली असेल. कदाचित तुमची थोडी लांब असेल. शेवटच्या गाण्यानंतर बंद करू नका. एनॉसने कुणाचंही नाव घेतलं तरी गप्प बसा. पण लोक गेल्यावर कान देऊन ऐका, आणि मला कळवा. तिला कुणी उचललं का, तेवढं बघा.