हरण्याच्या बोलीवर

गारा सुरू झाल्या तेव्हा हॅडलीच्या एकुलत्या एक पेट्रोल पंपाच्या छपराखाली चार गाड्यांची जागा होती आणि त्यात सहा शिरल्या होत्या. कोरिन व्लासेकची सातवी. नाक आत, बाकी सगळी बाहेर. गाडी नवी होती. तिच्यावर लिंबाएवढ्या गारा पडत होत्या आणि कोरिन प्रत्येक आवाजासरशी डोळे मिटून घेत होती.

पुढच्या जुनाट पिकअपमधल्या माणसानं आरशात पाहिलं. तिनंही त्याच क्षणी पाहिलं. त्यानं स्टिअरिंगवरून तर्जनी तेवढी वर केली. नेब्रास्काच्या या भागात नमस्कार, आभार आणि दुखवटा या तिन्ही गोष्टी तेवढ्या एका बोटात उरकतात. मग तो शांतपणे गाडी सुरू करून गारांत निघून गेला. रिकाम्या जागेत कोरिनची गाडी सुखरूप आत आली.

पाऊस ओसरल्यावर तो परत आला. पिकअप ट्रकच्या टपाला खळगे पडले होते, पुढची काच गेली होती आणि त्याच्या केसांत बर्फाचे खडे चमकत होते.

"काच माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. "भरून देते."

"राहू द्या. जुनीच होती. ट्रकही जुना, मालकही…" तो जरा थांबला. "तुम्ही धान्याच्या सोसायटीत हिशेब बघता ना?"

"हो."

"कधी कोर्टकचेरी?"

"नाही. का?"

"दारू पिऊन भांडणं? दोन-चार नवरे?"

"एकही नाही," ती म्हणाली, आणि आपण हे उगाच घाईनं सांगितलं असं तिला वाटलं.

"मग तुम्ही राज्याच्या खजिनदारपदाला उभ्या राहाल का?"

या राज्यात पक्ष दोन आहेत. एक निवडून येतो आणि दुसरा उभा राहतो. हा माणूस, एमेट राउश, दुसऱ्या पक्षाचा जिल्हा चिटणीस होता. पोटासाठी तो कुरणांतल्या पाणी ओढणाऱ्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. चिटणीसपण मात्र आजोबा आणि वडिलांकडून वारशात आलं होतं, जसा काही घरांत दमा येतो. पक्षाच्या मूळ उमेदवारानं अचानक लग्न केलं होतं आणि तो ॲरिझोनाला निघून गेला होता. आता मतपत्रिकेवर त्याची जागा रिकामी राहणार होती, आणि रिकामी जागा पडलेल्या दातासारखी दिसते असं पक्षाचं मत होतं.

"आणि मी चुकून निवडून आले तर?"

एमेट पहिल्यांदाच हसला. हसल्यावर तो बराच बरा दिसतो, याची कोरिननं नोंद घेतली.

"पक्षातर्फे शब्द देतो," तो म्हणाला, "तसं होणार नाही."

हरण्याच्या बोलीवर, एका फुटक्या काचेपायी, ती उभी राहिली.

मग उन्हाळाभर मिरवणुका झाल्या. प्रत्येक गावाचा आपापला मेळा, प्रत्येक मेळ्याची मिरवणूक, आणि मिरवणुकीत उमेदवारानं पोरांना गोळ्या-चॉकलेटं उधळायची. कोरिन पिकअपच्या मागे उभी राहून उधळायची, एमेट चालवायचा. काच त्यानं नवी बसवली होती. टपाचे खळगे मात्र तसेच होते. तोल सावरायला ती टपावर हात टेकवायची तेव्हा तिची बोटं बरोबर त्यांत बसायची.

"तू चॉकलेटं नेम धरून मारतेस," तो खिडकीतून ओरडायचा. कधीतरी जुलैतच 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "मतं द्यायची वेळ येईपर्यंत ही पोरं जगली पाहिजेत."

"खळगे का बुजवत नाहीस?"

"निवडणूक झाली की बघू."

"निवडणूक झाल्यावर आपण भेटणार आहोत का?"

तो आरशात बघायचा… आणि नेमकं तेव्हाच पुढचा ट्रॅक्टर हलायचा.

सगळं कसं सुरळीत हरायच्या वाटेवर होतं. प्रतिस्पर्धी प्रेस्टन हॉल्कम उंच होता, त्याचे दात सारखे होते आणि त्याच्या पाट्या दर कुंपणाला होत्या. पण ऑक्टोबरात एका चर्चच्या जेवणावळीत त्याच्यापुढे ताट आलं: वाटीभर चिली, म्हणजे राजमा घातलेला तिखट खिमा, आणि शेजारी दालचिनीचा गोड रोल. नेब्रास्कातलं प्रत्येक पोर शाळेत हेच जेवतं. तिखट खिम्यात गोड रोल बुडवून खाताना इथल्या मोठ्यामोठ्या माणसांचे डोळे आईच्या आठवणीनं भरून येतात. हॉल्कम चार वर्षांपूर्वीच बाहेरून आलेला. त्यानं ताटाकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "हे दोन्ही एकत्र? खातं कोण असलं?"

कुणीतरी ते फोनवर टिपलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या राज्यानं ऐकलं.

कर, रस्ते, पेन्शन, सगळं लोकांनी त्याला माफ केलं असतं.

"पोरी, आपण जिंकतोय," पक्षाच्या जिल्हाध्यक्षा आर्लीनबाई म्हणाल्या. वय ऐंशीच्या पुढे. विजय असा त्यांनी लांबूनच पाहिलेला. त्या रडत होत्या. "मी मरायच्या आत… तू लिंकनला जाशील, राजधानीत घर घेशील."

"हो," कोरिन म्हणाली. आणि गारांच्या दिवशीसारखे तिनं डोळे मिटून घेतले.

माघारीची मुदत कधीच उलटून गेली होती. आणि आर्लीनबाईंच्या डोळ्यांत बघून माघारीचं बोलणार कोण? लिंकन सहा तासांवर. ती गाडी घेऊन सरळ कुरणात गेली. एमेट पवनचक्कीच्या शिडीवर होता.

"लिंकनला पवनचक्क्या असतात का रे?" तिनं खालून विचारलं.

"एक आहे. बागेत, शोभेची."

"ती बिघडत नाही?"

"चालतच नाही, तर बिघडेल कशी?" तो खाली उतरला. हात पुसायला लागला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"पक्षातर्फे दिला होता. पक्षानं कधी पाळलाय?"

"आणि तुझ्यातर्फे?"

वारा सुटला होता. वर चक्की करकरत होती. तो काहीतरी बोलणार होता… "तू चांगली खजिनदार होशील," तो शेवटी म्हणाला, आणि परत शिडी चढला. मागे कोरिननं चक्कीच्या खांबाला एक लाथ मारली. खांबाला काही झालं नाही.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, रिवाजाप्रमाणे, ते दोघं लोकांच्या अंगणातल्या पाट्या काढायला निघाले. जमीन थंडीनं गोठली होती; पाटी उपटताना कुरकुरायची. ट्रकमधला रेडिओ सांगत होता की खजिनदारपदाच्या मोजणीत व्लासेकबाई किंचित पुढे आहेत, पूर्वेकडची टपाली मतं तेवढी बाकी आहेत.

एमेटनं एक पाटी दोनदा उपटायचा प्रयत्न केला आणि सोडून दिली.

"कोरिन, तुला एक सांगायचंय. तू जिंकलीस तर नंतर सांगता येणार नाही, नुसतं रडगाणं वाटेल. म्हणून आत्ताच."

"सांग."

"मी काल… तुला मत दिलं नाही."

तिनं हातातली पाटी खाली ठेवली.

"हॉल्कमला दिलं," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्या पक्षाचं नाव तोंडी घेतल्यासारखा त्याचा आवाज घोगरा झाला होता. "राउश घराण्यात आजवर कुणी असं केलेलं नाही. आजोबांनी तर त्या पक्षाच्या माणसाकडून कधी घोडाही घेतला नाही. पण आत गेलो, तुझं नाव बघितलं, आणि वाटलं, ही लिंकनला गेली तर… मी मिरवणुकीत आरशात बघायचं कुणाला?"

कोरिनला हसू आवरेना. ती तिथेच, कुणाच्या तरी अंगणात, स्वतःच्याच नावाच्या पाट्यांच्या ढिगावर बसली.

"हसतेस काय?"

"मीही," ती म्हणाली.

"मीही काय?"

"मीही हॉल्कमलाच दिलं."

तो तिच्या शेजारी टेकला. दोन गुन्हेगार एका बाकावर बसावेत तसे दोघं बसले. मग त्याचा गार पडलेला हात तिच्या हातात होता, आणि तो तिथे कुणी ठेवला याबद्दल पुढेही त्यांचं एकमत झालं नाही.

रेडिओनं गाणं मधेच थांबवलं. पूर्वेकडची मतं आली होती. हॉल्कम निवडून आला होता, काही हजारांनी.

कोरिननं एवढा मोठा श्वास सोडला की तोंडची वाफ हवेत तरंगत राहिली. एमेटनं टोपी काढली आणि तोंड पुसलं.

"काही हजारांनी," तो म्हणाला. "म्हणजे आपण दोघांनी पाप केलं, ते वायाच गेलं."

"वाया नाही गेलं." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आर्लीनबाईंना सांगायचं का?"

"वेड लागलंय का? त्यांचा जीव जाईल. त्यांना एवढंच कळू दे की आपण झगडलो."

"सांगू की. लग्नानंतर."

एमेटनं टोपी घातली, काढली, परत घातली. "मी… अजून विचारलं नव्हतं."

"तुमच्या पक्षाचं सगळं उशिराच होतं."

रस्त्यावरून ओळखीच्या एका शेतकऱ्याचा ट्रक आला. दोघांना पाट्यांवर बसलेलं बघून तो हळू झाला. पराभवाची बातमी त्यानंही ऐकली असावी. त्यानं गंभीरपणे स्टिअरिंगवरून तर्जनी वर केली.

दोघांनी चेहरे जमतील तेवढे पाडले आणि एकेक बोट उचलून दुखवटा स्वीकारला. एकमेकांत गुंतलेली बाकीची बोटं सोडवायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं.