सर घरी नाहीत

फाटक वाजलं तेव्हा अपेक्षा अंगणात धान वाळत टाकत होती. मोटरसायकलवरून एक रापलेला तरुण उतरला.

"तेजराम सर हायेत का जी? मी जीवन. आयटीआयले त्यांच्याजवळ वेल्डिंग शिकलो."

"नाहीत," ती म्हणाली.

"मंग बसतो. येतीलच ना?"

अडीच महिन्यांत 'बाबा गेले' हे वाक्य तिनं कितीदा उच्चारलं होतं. बँकेत, तहसीलमध्ये, फोनवर. आज मात्र जीभ उचललीच नाही. अख्ख्या शहापुरात या एका माणसासाठी बाबा अजून नुसते बाहेर गेलेले होते... तिनं छपरीत खुर्ची टाकली आणि चहा ठेवला. हार घातलेली तसबीर आतल्या खोलीत होती.

तो थायलंडहून सुट्टीवर आला होता. पिकअप ट्रकच्या कारखान्यातून.

"वेल्डिंग तं रोबोटच करते. ज्या कोपऱ्यात त्याचा हात पुरत नाही, तिथं मी अन् माझा बर्मी जोडीदार. गाड्या मंग जहाजानं पार ऑस्ट्रेलियाले जातेत."

"एवढ्या गाड्या बनवल्या, एकीत तरी बसले का?"

"आमाले कोन बसवते? गाडी जहाजात बसते, मी कंपनीच्या बसमधी."

ती हसली — आणि ते हसू तिचं तिलाच परकं वाटलं. त्यानं घाईनं कपात पाहिलं.

"सर म्हनत, जोड डोळ्यानं नको, कानानं पाह्य. कढईत भजे सोडल्यावानी वाजला पायजे. तिकडं एवढा कल्ला, पन तेवढा आवाज मले बरोबर ऐकू येते."

बाबा घरी हे कधीच बोलले नव्हते. ती विचारत गेली, तो सांगत गेला. ऊन छपरीतून सरकलं. दुसरा चहा झाला.

"तिकडच्या तीन वर्साच्या करारावर सही करायची हाये," तो म्हणाला. "नाही केली तं इथंच वरठीच्या कारखान्यात लागतो. जाऊ का नको, हे सरांलेच इचारीन म्हटलं."

आता मात्र गप्प राहणं पाप झालं असतं.

"जीवन... बाबा दसऱ्याच्या आधीच गेले. मी तुमाले खोटंच बसवून ठेवलं."

तो उठून उभा राहिला. धानावर चिमण्या उतरल्या. कोणी हाकलल्या नाहीत.

"मंग एवढा वेळ मी कोनाशी बोलून राहिलो?"

"माझ्याशी."

त्यानं मान खाली घातली. मग खुर्चीवर न बसता पायरीवरच टेकला. डोळे पुसले.

"मले राग याले पायजे होता," तो हळूच म्हणाला. "पन खरं सांगू? दुसऱ्या चहापासून मी सरांची वाट पाहनं सोडलं होतं."

अपेक्षा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मंग तुमीच सांगा. जाऊ?"

"आज नका विचारू. आज मी तुमचा विचार न करता फक्त माझ्यापुरतं उत्तर देईन."

"मंग आजच सांगा," जीवन म्हणाला.