शेजारचं श्वासरोप

चांद्रवसाहतीच्या हवा कक्षात यशोधन खासगीवाले आणि वनस्पतितज्ज्ञ डॉ. मंदाकिनी शिरोडकर एकाच टेबलाशी बसत, पण एकमेकांचं तोंड बघत नसत. वर्षभरानं येणारं यान दोघांपैकी एकाला पृथ्वीवर नेणार होतं. ज्याच्या खोलीत श्वासरोपं जास्त, तो राहणार. सध्या दोघांकडे एकेकच रोप होतं. यशोधनला काही झालं तरी परत जायचं नव्हतं.

श्वासरोप म्हणजे सुधारलेलं ब्रोमेलिअड, अननसाच्या कुळातलं. रात्री ते खोलीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेई. त्याला पाणी घालायचं ते पानांच्या मधल्या पेल्यात.

"पेल्यातलं पाणी कधी बदललंत? वास मारतोय," बाई म्हणाल्या.

"माझं मी बघीन. तुम्ही खोलीत फळं का आणू देत नाही, ते सांगा."

"पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. तो लागला की वाढलेलं रोप फुलतं. आणि हे आयुष्यात एकदाच फुलतं, मग मरतं. हवेचे अभियंते ना तुम्ही?"

टोमणा झोंबला, पण यशोधनच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या आणि तो लगबगीनं उठला. नुकत्याच येऊन गेलेल्या यानातून बहिणीनं देवगडहून कच्च्या हापूसची पेटी पाठवली होती. बाईंच्या खोलीत हवा नेणाऱ्या नळीत त्यानं पेटीतलं गवत पसरून आंब्यांची अढी घातली आणि स्वतःच्या खोलीची झडप घट्ट लावून घेतली.

काही आठवड्यांनी बाईंच्या रोपाला लालभडक तुरा आला. अख्खी वसाहत बघायला लोटली. यशोधननंही टाळ्या वाजवल्या. पुढे तुरा सुकला, पानं टोकांकडून करपू लागली, आणि त्याला रात्री गाढ झोप लागू लागली.

मोजणीच्या दिवशी तो मुद्दाम बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. जुनं रोप वाळून गेलं होतं. त्याच्या बुडाशी तीन टवटवीत रोपं उभी होती.

"ही कुठून आली?" त्याचा आवाज चिरकला.

"पिल्लं आहेत. रोप फुललं की बुडाशी पिल्लं येतात, आणि ती मोठी होईपर्यंत ते तग धरतं. मला केव्हाची हवी होती, पण मुद्दाम फुलवायला आम्हा वनस्पतीवाल्यांना बंदी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मरतं म्हटल्यावर तुम्ही खूश होऊन उठलात. पुढचं विचारलंत कुठे?"

मोजणी अधिकाऱ्यानं तीनचा आकडा लिहिला आणि शेजारी यशोधनच्या खोलीत डोकावलं. तिथलं रोप हिरवंगार होतं, फुलाचा मागमूस नव्हता.

"छान जपलंत हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच एकटं राहिलं."