काचेवरचं बोलावणं

“तुम्ही भुतांची प्रकरणं घेता का?” बाईनं दारातूनच विचारलं.

“भुतं असली तर नाही. माणसं असली तर घेतो. बसा.”

गळ्यात दोरीनं अडकवलेल्या भिंगामुळे या खाजगी तपासनिसाला सगळे भिंगकाका म्हणत. शेजारच्या खुर्चीत त्यांचे जुने स्नेही, निवृत्त मास्तर. शंका भरपूर, उत्तरं कमी.

बाई बसली आणि तिचा बांध फुटला. तिच्या सासूबाई तीन महिन्यांपूर्वी झोपेतच गेल्या. घरबसल्या काचेवर नावं कोरून पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा भेटीसाठी तयार करून द्यायच्या. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या कामाच्या खोलीतल्या खिडकीवर एक अक्षर उमटलं. च.

“त्यांच्याच वळणाचं. चार दिवसांपूर्वी त्यापुढे ‘ला’ आलं. चला! बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, ती बोलावतेय. तेव्हापासून हृदयाची गोळी तोंडात घेत नाहीत. म्हणतात, निघायचंच आहे तर गोळी कशाला? डॉक्टरांनी सांगितलंय, अजून दोन-तीन दिवस असंच चाललं तर भरवसा नाही.”

भिंगकाका उठलेच. “मास्तर, चपला घाला.”

खोलीत पाऊल टाकताच मास्तरांचा आवाज आपोआप खाली आला. लांब टेबलावर चिकटकागद, बारीक पातं, रबरी हातमोजे. मोज्यांची बोटं अजून फुगलेली, जणू हात आत्ताच बाहेर काढलाय. डावीकडे बेसिन, त्याला लागून खिडकीच्या चौकटीवर दाढीचा छोटा आरसा. आणि खिडकीच्या काचेच्या डाव्या भागात धुक्यासारखी पांढुरकी दोन अक्षरं.

समोर आरामखुर्चीत बाबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोटं मांडीवर टिकटिकत होती.

“हात लावला की ती लपते,” ते हळूच म्हणाले. “तोंड धुऊन ओल्या हातानं चाचपली, तर अक्षर विरून गेलं. मी ढसाढसा रडलो. थोड्या वेळानं आपसूक परत आली.”

भिंगकाकांनी आरामखुर्चीजवळ स्टूल ओढलं.

“झोपता कुठे, बाबा?”

“इथंच. ती गेल्यापासून. आतून कडी लावून. दिवसाही खोली सोडत नाही.”

“आणि दाढीही इथंच?”

“मधे दोन महिने केलीच नव्हती. सूनबाईनं हट्ट धरला म्हणून पुन्हा सुरू केली. फेसाचे शिंतोडे उडतात, मग तिथल्या तिथे टॉवेलनं पुसतो. तिला काचेवर डाग खपायचा नाही हो.”

भिंगकाकांनी काचेवरून बोट फिरवलं. आतल्या बाजूनं अक्षरं खरखरीत लागली. मग ते खिडकीला गाल टेकवून तिरपे पाहू लागले. “मास्तर, डावीकडे काच स्वच्छ, उजवीकडे धूळ चिकटलेली. नुसती बसलेली नव्हे, चिकटलेली.”

“झाडलोट नाही, दुसरं काय!”

“हा डबा उघडा पाहू.”

काच खाऊन तिच्यावर अक्षर कोरणाऱ्या मलमाचा तो डबा. मास्तरांनी दात-ओठ खाऊन झाकण फिरवलं. आतलं मलम दगड झालं होतं, चिरा पडलेला. शेजारी एक चिमुकली बाटली दिसताच बाबा चमकले. “अरेच्चा! माझं घड्याळाचं तेल! चोरटी कुठली. घर डोक्यावर घेतलं होतं मी त्यासाठी.”

काकांनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूवर कापलेल्या चिकटकागदाची शेकडो अक्षरं डकवलेली होती.

“आई कापलेलं अक्षर फेकायच्या नाहीत,” सून म्हणाली. “कुणाच्या तरी नावातलं असतं, पायाखाली नको यायला.”

मास्तर तळाची ओळ वाचू लागले. “ळी, ला, गो, च, घ्या... घ्या? हे कुणाच्या नावात असतं बुवा? नामकरणाची नवी तऱ्हा दिसते!”

भिंगकाका मात्र त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले.

बाबांच्या मुलाला बाहेर बोलावून खोलीबद्दल विचारलं, तो तडकलाच. “हो, ही खोली मला रिकामी करायचीय. आईच्या वस्तूंकडे बघत बाबा झिजताहेत, ते वर आमच्याजवळ राहावेत म्हणून! त्यासाठी बापाला भूत दाखवीन मी?”

मग शेजारीण आली. ती सासूबाईंची शिष्या, आणि तिच्या घरी ताजं मलम होतं. तिचा चेहरा उतरलेला. “सगळे माझ्याकडेच बघताहेत, काका. वळण त्यांचं गिरवलंय मी, पण हे माझं नाही. बाबांच्या पंचाहत्तरीसाठी त्या काहीतरी करत होत्या, मलासुद्धा दाखवलं नाही. ‘झालंय, आता एका फडक्याचं काम उरलंय’ म्हणाल्या. मला वाटलं, भेट पुसून गुंडाळायची असेल.”

“पंचाहत्तरी कधी?”

“होऊन महिना झाला. कुणी काही केलं नाही. करणार तरी काय?”

भिंगकाकांनी सगळ्यांना खोलीत बसवलं आणि सुनेकडून साबणाचं पाणी मागवलं.

“ही अक्षरं आतून कोरलेली आहेत. खोलीला आतून कडी, बाबा जागचे हलत नाहीत. म्हणजे गेल्या आठ दिवसांत मलम लावायला कुणी आलं नाही. मुलगा नाही, शेजारीण नाही. ती कोरली गेली आई असताना.”

“मग दिसली का नाहीत?” मास्तरांनी विचारलं.

“बाबांनीच सांगितलं. ओला हात लागला की अक्षर लपतं. कोरलेल्या खरखरीत काचेत पाणी भरलं की ती साध्या काचेसारखी दिसते. पाणी वाळलं की अक्षर परत. पण न वाळणारं काही भरलं तर?”

बाबांचं लक्ष त्या चिमुकल्या बाटलीकडे गेलं.

“घड्याळाचं तेल,” ते पुटपुटले. “वर्षानुवर्षं वाळत नाही.”

“आईंनी अक्षरं त्या तेलानं लपवली; पंचाहत्तरीच्या सकाळी त्या साबणाचं एक फडकं फिरवणार होत्या. देवानं तेवढी सवड दिली नाही. ते फडकं दुसऱ्याच कुणीतरी फिरवलं. फेस उडाला, टॉवेल लागला, तेल निघालं. रोज थोडं, जिथं हात पोचतो तिथं, डावीकडे. बाबा, खिडकीतलं भूत तुमचाच हात आहे.”

“म्हणजे... ती बोलावत नाही?” म्हाताऱ्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

“त्यांचं वाक्य अर्धंच वाचलंत तुम्ही. उजवीकडे तेल तसंच आहे, म्हणून धूळ चिकटते.”

काकांनी फडकं पिळलं आणि अख्खी काच धुतली. ‘चला’ नाहीसं झालं.

“गेली!” बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. सुनेनं त्यांचा हात धरला.

पाणी ओघळलं. मग कोरड्या होत चाललेल्या काचेवर, जणू पलीकडून कुणी तोंडाची वाफ सोडावी तसं, च आलं, ला आलं. मग गो. ळी. घ्या.

चला, गोळी घ्या.

“रोज सकाळी आईचं हेच,” मुलगा कसाबसा म्हणाला. “जिन्यापर्यंत ऐकू यायचं.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले.

सुनेनं गोळी बाबांच्या तळहातावर ठेवली आणि सासूबाईंनी बाबांचं नाव कोरलेल्या पेल्यातून पाणी दिलं. पेला ओठांशी नेता नेता ते खिडकीकडे वळून वैतागल्यासारखे म्हणाले,

“घेतोय गं. किती मागे लागशील!”