एक्केचाळीस नंबरची सूचना

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत दुपारी तीनलाही दिवा लावावा लागे. फिनेलचा वास, पंख्याची घरघर आणि डोक्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्यांची चाकं. इथे बसणाऱ्या बाईला सगळे आकडेवाली म्हणत. नव्या औषधाचा कोणाला गुण आला, कोणाला नाही, हे आकड्यांवरून ताडणारा प्रोग्रॅम तिच्या हाती होता. पाच वाजता अहवाल समितीपुढे जायचा होता. तो निर्दोष नसला तर औषध बंद, आणि तेच औषध तिसऱ्या मजल्यावर तिच्या आईला चालू होतं. तिचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता.

"एखादा मृत्यू समिती समजून घेते," मोठे डॉक्टर म्हणाले होते. "घोळ नाही घेत. प्रोग्रॅमची एकही धोक्याची सूचना दिसता कामा नये."

पण कुठेतरी माशी शिंकत होतीच. प्रोग्रॅम शेवटपर्यंत धावे आणि खाली एक पिवळी ओळ उमटे : मृत्यूनंतरच्या नोंदी आढळल्या. कोणाच्या, कुठे, काही पत्ता नाही.

तिने प्रोग्रॅमला बजावलं, पहिली कुरकुर होईल तिथेच थांब. तो थांबला. तिथून ती एकेक पायरी मागे गेली. सरासरीपासून रोजच्या नोंदींपर्यंत, नोंदींपासून दोन फायली जोडल्या होत्या तिथपर्यंत. त्या जागी तिच्याआधी हे काम करणाऱ्या मास्तरांनी लिहून ठेवलं होतं : ही सूचना येऊ द्यावी. मी एकदा बंद केली होती.

मास्तर एक दिवस पिशवीसुद्धा न घेता नोकरी सोडून गेले होते. आळशी माणूस, असं पुटपुटत तिने पुढे पाहिलं.

पेशंट नंबर एक्केचाळीस. चाचणीत नावं गुप्त, फाईलमध्ये फक्त नंबर. मृत्यू अकरा दिवसांपूर्वी. त्यानंतरही रोज सकाळी नाडी, रक्तदाब, वजन. अगदी आजचंसुद्धा.

तिने वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, एक्केचाळीस नंबर..."

"नंबराचं नाव विचारायचं नसतं, ताई. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"नाव नको. जिवंत आहे का, एवढंच सांगा. इथे अकरा दिवसांपूर्वी मृत्यू दाखवतोय."

"अकरा दिवस काय, महिनाभरात माझ्या वॉर्डात कोणी गेलेलं नाही. तुमच्या आई आत्ताच चहा घेऊन पडल्यात."

म्हणजे तारीखच चुकली होती. पण तारीख बदलायला मोठ्या डॉक्टरांची सही लागे, आणि ते पाचपर्यंत मीटिंगमध्ये. प्रोग्रॅममध्ये एक नियम घालायला मात्र कोणाची सही लागत नव्हती : मृत्यूनंतरच्या नोंदी वगळा.

जिवंत माणसाला कागदावर मेलेलं ठेवायचं, हे तिला टोचलं. उद्या सही घेऊन दुरुस्त करू, असं म्हणत तिने मन मारलं आणि प्रोग्रॅम चालवला.

पिवळी ओळ आली नाही. तिला हायसं वाटलं.

खुर्चीच्या पाठीवर आईने दुपारी मापाला दिलेला स्वेटर होता. एक बाही पूर्ण, दुसरी जेमतेम कोपरापर्यंत, सुया तशाच अडकवलेल्या. "घालून बघ आणि संध्याकाळी आण, राहिलेलं विणून टाकते," असं आई म्हणाली होती. तो तिथेच ठेवून ती आधी आईला बातमी द्यायला जिन्याने वर धावली.

खिडकीजवळच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवली होती.

"सिस्टर... आई कुठे आहे?"

सिस्टरने हातातला ट्रे हळूच खाली ठेवला. "ताई... तुम्हीच तर त्यांना नेलंत. आज अकरा दिवस झाले."

"आत्ता फोनवर तुम्ही..."

"मला फोन नाही आला, ताई."

ती खाली कशी आली, तिला कळलं नाही. तिने नियम पुसला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पिवळी ओळ आली नाही. पुन्हा चालवला. तिने फाईलच उघडली. एक्केचाळीसच्या नोंदी अकरा दिवसांपूर्वी संपत होत्या. "ये ना," ती पडद्याला म्हणाली. "एकदा ये..."

पाच वाजले. मीटिंगमधून अहवालासाठी फोन वाजत राहिला. तिने तोंड लपवायला खुर्चीवरचा स्वेटर ओढून घेतला.

दुसरी बाही मनगटापर्यंत आली होती. सुया अजून कोमट होत्या.