पाहणारे : एक

इंटरनेट अडकतंय म्हणून मला बोलावतात, त्यातल्या दहापैकी नऊ घरांत यंत्राचा काही दोष नसतो. कुणी राऊटर लोखंडी कपाटात ठेवलेला असतो, कुणी माशांच्या टाकीमागे. एका महाभागानं तर धूळ बसू नये म्हणून त्याला लोकरी टोपी घातली होती. वीस वर्षं हेच करतोय. प्रत्येक बिघाडाला पत्ता असतो, चिकाटीनं शोधला की सापडतो, असं मी सगळ्यांना ठासून सांगायचो. हल्ली सांगत नाही.

त्या घरासाठी फोन लेकीनं केला होता, दुसऱ्या शहरातून. "बाबांचा टीव्ही सारखा अडकतो हो. दोन माणसं येऊन गेली. टीव्हीमागची इंटरनेटची डबी बदलली, वायर बदलली, तरी तेच. तुम्ही एकदा बघाच, आजच."

"बघतो की ताई. पण एवढी घाई कसली, टीव्हीच तर आहे."

"आई गेल्यापासून बाबांना एकट्यानं घास उतरत नाही. समोर कुणीतरी बोलत असलं, टीव्हीवर का होईना, तर जेवतात. टीव्ही अडकला की ताट सारून उठतात. आठ महिन्यांत अकरा किलो गेलेत त्यांचे. कळली घाई?"

कळली. हातातलं काम सोडून गेलो.

दुसरा मजला, तीन खोल्या. काकांनी दार उघडलं तेव्हा अंगातला शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. चाळीस वर्षं त्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त केली होती. त्यामुळे तक्रार सांगण्याची पद्धतही कारागिराची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर टीव्ही अडकल्याच्या वेळा ओळीनं लिहिलेल्या. सकाळी आठ, दुपारी साडेबारा, रात्री साडेआठ. कधी पाच मिनिटं पुढं, कधी मागं.

"मी जेवायला बसलो की अडकतो," ते म्हणाले.

मला हसू आलं. "काका, तुम्ही जेवताय का झोपताय, डबीला काय कळतंय?"

"कळत नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर लिहून ठेवलं."

मी कामाला लागलो. डबी टीव्हीच्या तापलेल्या पाठीला चिकटून होती, ती वायर लावून बाजूला घेतली. राऊटर फ्रिजमागून काढून मोकळ्यावर ठेवला. शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी नसलेला चॅनेल निवडला. वेग मोजला, ठणठणीत. अकरापासून साडेबारापर्यंत टीव्हीवर एक माणूस नावेत बसून कुठल्याशा नदीबद्दल बोलत होता, तो एकदाही अडखळला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"तुम्हीही घ्या दोन घास," काका म्हणाले.

"छे छे, मी जेवून आलोय." थाप होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण गिऱ्हाइकाच्या घरी जेवायचं नाही, हा माझा शिरस्ता.

काकांनी भात आणि भाजी वाढून घेतली, ताट टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली. नावेतला माणूस तोंड उघडं ठेवून थांबला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं.

काकांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि ते उठले. माणूस पुन्हा बोलायला लागला.

मग आम्ही दोघं कारागीर हट्टाला पेटलो. ते ताट न घेता बसले, टीव्ही चालू. ताट घेऊन मी बसलो, चालू. तेच ताट घेऊन ते बसले, की चक्र. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. चौथ्या वेळी माझ्या हसण्याला काही अर्थ उरला नव्हता.

मी लॅपटॉपवर राऊटरची यादी उघडली. घरातलं कोणतं यंत्र किती ओढतंय, ते तिथं दिसतं. काकांचा फोन, माझा लॅपटॉप, डबी. आणि कॅमेरा. सगळी लाइन कॅमेऱ्यानं गिळली होती.

"तुमच्याकडे कॅमेरा आहे?"

त्यांचा हात ताटातच राहिला. "आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

पुस्तकांच्या फळीवर होता, मुठीएवढा, पांढरा. तोंड भिंतीकडे केलेलं. काकांच्या फोनवर त्याचं अ‍ॅप होतं, ते उघडलं. पडद्यावर भिंत दिसली. पिवळसर रंग, खिळा काढल्याचं एक भोक, बस्स. न हलणाऱ्या भिंतीच्या चित्राला फारसं इंटरनेट लागत नाही. आवाजाची पट्टी शून्यावर होती, म्हणजे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे काही ऐकू जाणार नव्हतं. आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, पाहणारे : एक. खाली नाव होतं, आई हॉस्पिटल.

"हे कुणाचं?"

"हिचा टॅब. लेकीनं नाव घातलं होतं." काका आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. हॉस्पिटलची, चिकटपट्टीनं बंद केलेली. आठ महिन्यांत कुणी उघडली नव्हती. मी विचारून उघडली. चष्मा, कंगवा, मोजे आणि टॅब. टॅब मेलेला होता. तरीही मी मागचं झाकण काढून बॅटरीची वायरच सोडवली आणि अ‍ॅपकडे बघितलं.

पाहणारे : एक.

मी टॅब तसाच टेबलावर ठेवला. काका बोलायला लागले, ताटाकडे बघत.

"ही तीन महिने हॉस्पिटलात होती. फोनवर विचारायची, अहो, जेवलात का? मी म्हणायचो, जेवलो. तिला माझी थाप लगेच कळायची. शेवटी तिनं लेकीकडून हा कॅमेरा बसवून घेतला. तिन्ही वेळेला टॅब घेऊन बसायची. आवाज ऐकला ताटाचा, की तिकडून बोलायची. मीठ कमी घ्या, भाजी परत घ्या." ते थांबले. "त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरी आलो, ताट वाढलं आणि रडायलाच लागलो. तिला दिसू नये म्हणून कॅमेरा भिंतीकडे फिरवला. आवाजही बंद केला. म्हटलं, डोळे पुसतो आणि सरळ करतो. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं. पावलं खालपर्यंत ऐकू आली.

"शेवटी तिनं भिंत बघितली हो. माझ्यामुळे."

मला फार वाईट वाटलं. माझी बायको जाऊनही चार वर्षं झाली. पण मी कामावर आलो होतो, आणि घाबरलोही होतो. मी स्वतःला समजावलं, कुणीतरी पासवर्ड चोरलाय. होतं असं. "काका, पासवर्ड बदलतो. जे कुणी असेल ते बाहेर पडेल, टीव्ही नीट चालेल आणि तुम्ही पोटभर जेवाल."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी बदलला.

पाहणारे : शून्य.

नावेतला माणूस घडाघडा बोलायला लागला. काकांनी घास उचलला. तोंडापर्यंत नेला. परत ठेवला.

"आता बंद झालं?"

"बंद झालं."

"मग बरं," ते म्हणाले आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिले. टीव्ही छान चालला होता. भात गार होत होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर एक चौकट आली. आई हॉस्पिटल पाहण्याची परवानगी मागत आहे. खाली दोन बटणं, द्या आणि नाकारा.

बॅटरी सोडवलेला टॅब माझ्यासमोर पडला होता.

"कोण आहे ते?" काकांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. वीस वर्षांत गिऱ्हाइकाला हे वाक्य पहिल्यांदा सांगितलं.

ते उठले. फळीवरचा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला. शर्टाच्या टोकानं त्याची काच पुसली, हळूहळू, दोनदा. मग तोंड टेबलाकडे करून परत ठेवला. खुर्चीत बसले, केस हातानं सारखे केले आणि बटण दाबलं.

टीव्ही थांबला.

काकांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते लपवत नव्हते. मी त्या माणसाला आल्यापासून पहिल्यांदाच चावताना बघत होतो.

कॅमेऱ्यावरचा बारीक हिरवा दिवा निळा झाला. पलीकडून कुणी बोलण्याचं बटण दाबलं की तो निळा होतो. आवाजाची पट्टी अजून शून्यावरच होती. मी पुन्हा बघितलं. शून्यावर.

काकांनी मान हलवली. "हो, घेतो," ते म्हणाले आणि आणखी भाजी वाढून घेतली.

दिवा निळाच होता. ते जरा ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"ही म्हणतेय, तुम्ही थाप मारलीत. सकाळपासून नुसत्या चहावर आहात."

घरी मला हे विचारणारं कुणी उरलेलं नव्हतं.

काकांनी दुसरं ताट मांडलं, त्यात भात वाढला आणि दुसरी खुर्ची माझ्यासाठी ओढली. मी बसलो. माझं ताट रिकामं होईपर्यंत तो दिवा विझला नाही.